हात वर, विडे तबकात

महाडात वकील पुष्कळ होते. त्यांत महिपतराव उतेकरांचा नंबर कितवा, असं त्यांनाच विचारलं असतं, तर त्यांनी विनयाने दुसरा सांगितला असता आणि पहिला कोण ते आठवायला मुदत मागितली असती. मुदत मागणं ही त्यांची खासियतच होती. बांध सरकवल्याचे, आंब्याच्या फांदीचे, विहिरीवरच्या शिवीगाळीचे दावे ते इतक्या सावकाश चालवत, की तोवर पक्षकारांचा राग निवून जाई आणि तडजोड होई. ही तडजोड आपल्या कायद्याच्या अभ्यासामुळे झाली, असं ते सांगत. तसं नसतं हे त्यांना आतून ठाऊक होतं. पण आतलं सगळं बाहेर बोलायचं ठरवलं तर वकिली कशी चालायची?

अशा माणसाला एकसष्ट साली मुंबईच्या हायकोर्टाने अध्यक्ष नेमलं.

झालं होतं असं. महाडच्या हसनशेठची 'सावित्री माल वाहतूक कंपनी लिमिटेड' मुंबईच्या एका बड्या लॉरी कंपनीत विलीन व्हायची होती. हसनशेठ थकले होते, लॉऱ्या त्यांच्याहून थकल्या होत्या, आणि दोन्ही मुलगे बहारीनला जाऊन बसले होते. पण नव्या कंपनी कायद्याप्रमाणे दोन कंपन्यांच्या मालकांनी हातात हात घातले की काम झालं, असं नव्हतं. भागधारकांची सभा कोर्टाच्या हुकमाने भरायची, तिचा अध्यक्ष कोर्टाने नेमायचा, तिथे काय झालं ते त्या अध्यक्षाने शपथेवर कोर्टाला कळवायचं, आणि मग न्यायमूर्ती हो किंवा नाही म्हणणार. धनकोंची सभा वेगळी असते. पण सावित्री कंपनीचे धनको म्हणजे एक पेट्रोलवाला आणि एक टायरवाला, त्यांची सभा मुंबईत चहा निवायच्या आत उरकली होती. भागधारकांची मात्र पोलादपूरला भरायची होती, आणि तिच्या अध्यक्षपदी ॲडव्होकेट एम. बी. उतेकर, मुक्काम महाड.

हुकूम हातात पडल्यावर महिपतरावांनी तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, मग दाढीला गेले तेव्हा न्हाव्याला वाचून दाखवला. इंग्रजी होता, म्हणून न्हाव्याने मान डोलावली. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी झाली की उतेकर वकील हायकोर्टात जज्ज झाले. महिपतराव ती खोडून काढायला निघाले होते, पण वाटेत दोघातिघांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा म्हटलं, उद्या खोडू.

"अहो, कोर्टाने तुम्हाला सभेचं अध्यक्ष केलंय, कोर्टाचं नाही," आनंदीबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी, आणि घरातल्या अपिलाचं शेवटचं ठिकाण.

"तत्त्व एकच आहे," महिपतराव म्हणाले आणि शिंप्याकडे नवा काळा कोट शिवायला टाकून आले.

आता या सभेत खरी गोम कसली होती ते सांगायला हवं. पोलादपूरला, जिथून आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो, तिथे कंपनीचा लॉरीतळ होता. एक पत्र्याची शेड, एक विहीर आणि मोकळं मैदान. ती जागा मुळात घाटाखालच्या शेतकऱ्यांची. कंपनी निघाली तेव्हा हसनशेठकडे रोकड नव्हती आणि शेतकऱ्यांकडे जमिनीशिवाय काही नव्हतं. शेतकऱ्यांनी रस्त्याकडेची भाताची खाचरं दिली आणि बदल्यात शेअर घेतले. शेअर म्हणजे काय ते कुणाला नीटसं कळलं नव्हतं. इतकं कळलं होतं, की तळ आपला आहे, आपल्या हिरड्याची, नाचणीची, कोळशाची पोती आधी चढतात, आणि रात्र झाली तर शेडमध्ये पडायला जागा आहे. मुंबईची कंपनी आली की तळ तिचा होणार होता. तिथे ती महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारवाल्यांसाठी हॉटेल बांधणार, हे उघड गुपित होतं. मग पोती डोक्यावर घेऊन माणसांनी महाडपर्यंत तंगड्या तोडायच्या.

या शेतकऱ्यांत एक होती ठमाबाई उतेकर. तिचं खाचर सर्वांत चांगलं, विहिरीलगतचं. आणि ती महिपतरावांची आई.

महिपतरावांच्या नावावर एकही शेअर नव्हता, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. अडचण आईची होती. सभेच्या नोटिशीचं रजिस्टर पाकीट घेऊन ती गावाहून थेट महाडला आली. ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मैपत, तू त्यांचा वकील का आमचा?"

"मी कुणाचाच नाही. मी कोर्टाचा. अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं."

"म्हंजे आमचा नाय."

"आई, तसं नव्हे. तुला काय वाटतं ते मला सांगूसुद्धा नकोस. मला ऐकायचं नाही."

ठमाबाईने सुनेकडे पाहिलं. "ह्याला लहानपनापास्न ऐकायचं नसतंच गो," ती म्हणाली आणि त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. महिपतरावांना आपल्या तटस्थपणाचं इतकं कौतुक वाटलं, की रात्री जेवताना ते स्वतःशीही फारसं बोलले नाहीत.

सभेच्या दिवशी ते नवा कोट घालून पोलादपूरला उतरले. वैशाखाचे दिवस, वर पत्रा, आणि कोटाखाली बनियन भिजून अंगाला चिकटलेला. शेडमधली एक लॉरी बाहेर काढून तिच्या जागी टेबल मांडलं होतं. टेबलाच्या एका बाजूला हसनशेठ आणि मुंबईच्या कंपनीचे साहेब, समोर उजवीकडे महाडचे व्यापारी आणि हसनशेठचे भाऊबंद, डावीकडे घाटाखालची मंडळी. ठमाबाई डावीकडे पहिल्याच ओळीत, डोक्यावर पदर घेऊन, जणू त्या अध्यक्षाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

महिपतरावांनी हुकूम आधी इंग्रजीत वाचला. कुणालाच कळला नाही, पण आवाज पत्र्याखाली छान घुमला, म्हणून शेवटचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचला. मग मराठीत सांगितलं: योजना मंजूर व्हायला दोन चाळण्या आहेत. हजर राहून मत देणाऱ्यांच्या शेअरांचं वजन केलं तर चारातले तीन हिस्से मंजूरकडे हवेत. आणि नुसती डोकी मोजली तर अर्ध्याहून जास्त डोकी मंजूरकडे हवीत. वजन हसनशेठकडे होतंच. प्रश्न डोक्यांचा होता, आणि डोकी डावी-उजवी जवळजवळ सारखी होती.

हसनशेठ बोलायला उठले. बिचारे मनापासून बोलले. "मी तुम्हाला फसवत नाही. मला आता होत नाही. मुंबईवाले तुम्हाला आपले शेअर देतील, त्यावर दरसाल पैसे येतील. तुम्ही मला आजवर नाही म्हणाला नाहीत, आजही म्हणू नका, एवढाच अर्ज आहे." आणि ते बसले.

महिपतरावांनी विचारलं, "योजना मंजूर असेल त्यांनी हात वर करावा."

सगळे हात वर गेले. उजवीकडचे गेले, डावीकडचे गेले, ठमाबाईचा काकणं भरलेला हात सगळ्यांत आधी गेला. महिपतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सर्वानुमते! पहिलीच सभा आणि सर्वानुमते! कोर्टाला पाठवायच्या अहवालाची वाक्यं त्यांच्या डोक्यात आपोआप जुळू लागली, त्यात 'अध्यक्षांच्या कुशल संचालनामुळे' असंही एक वाक्य होतं. ते त्यांनी मोठ्या कष्टाने खोडलं.

मग पानसुपारीचं तबक निघालं.

उजवीकडच्यांनी विडे उचलले, तोंडात टाकले. मुंबईच्या साहेबांनी दोन घेतले. तबक डावीकडे आलं. पहिल्या ओळीत ठमाबाईने तबकाच्या काठाला बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि तबक शेजारच्या हैबतीकडे सरकवलं. हैबतीने तसंच केलं. राहीबाईने तसंच केलं. तबक शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन टेबलावर परत आलं, तेव्हा डावीकडच्या माणसांचे विडे जसेच्या तसे त्यात होते.

महिपतराव त्याच खोऱ्यात वाढले होते. घाटाखाली समोरच्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ती माणुसकी नव्हे. बैठकीत हात सगळेच वर करतात. ज्याला खरोखर पटलं असेल तो मागाहून विडा उचलतो. नसेल पटलं तर तबकाला नमस्कार करायचा आणि पुढे द्यायचं. सोयरीक असो, बैलाचा सौदा असो, तबक काय म्हणालं तेच खरं धरतात, हाताला कुणी विचारत नाही. कोट शिवून घेतला, इंग्रजी हुकूम वाचला आणि एवढी साधी गोष्ट महिपतराव विसरले. हसनशेठ विसरले नव्हते. ते तबकाकडे पाहून खाली मान घालून बसले होते.

"फार छान," मुंबईचे साहेब विडा चघळत म्हणाले. "युनॅनिमस. करा सही, निघू या."

महिपतरावांनी पेन हातात घेतलं. कायद्याला हात दिसतात, विडे दिसत नाहीत. सही केली असती तर जगातल्या कुठल्याच वकिलाने त्यांना नाव ठेवलं नसतं. पण हुकमात एक कलम होतं: मतं चिठ्ठ्यांनी घ्यावीत. चिठ्ठ्यांची पेटी त्यांनी आणलीही होती, आणि हात पाहून ती टेबलाखाली पायाने ढकललीही होती. आता त्यांना घाम फुटला. तो न्यायबुद्धीचा नव्हता, हे ते पुढे स्वतःच हसत सांगत. शपथेवर खोटं लिहिलं तर सनद जाते, त्या भीतीचा होता.

"चिठ्ठ्या घ्याव्या लागतील," ते म्हणाले.

साहेबांचं चघळणं थांबलं. "कशाला उगीच? अहो वकीलसाहेब, तुमचं नाव आमच्या सॉलिसिटरनेच कोर्टात पुढे केलं. म्हणाला, साधे गृहस्थ आहेत, सभा झटपट उरकतील. नाहीतर महाडला कोण वकील आहेत, ते हायकोर्टाला काय स्वप्न पडणार होतं?"

हे ते दबक्या आवाजात बोलले नाहीत. सबंध शेडने ऐकलं. महाडचे दोन व्यापारी हसले. महिपतरावांना कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. कोट, न्हावी, बाजारपेठेतले नमस्कार, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी आईकडे पाहायचं टाळलं. आई मात्र त्यांच्याकडेच पाहत होती.

चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक भागधारकाला त्याचं नाव घातलेल्या दोन: पांढरी म्हणजे मंजूर, गुलाबी म्हणजे नामंजूर. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. एकेकाने शेडच्या मागे जायचं, हवी ती चिठ्ठी पेटीत टाकायची, दुसरी फाडायची. मोजणी अध्यक्षाने एकट्याने करायची. दुपार कलली तेव्हा महिपतराव पेटी घेऊन कंपनीच्या छोट्या कचेरीत दार लावून बसले.

वजनाची चाळणी पार झाली होती. मग ते डोकी मोजायला लागले. पांढऱ्या, गुलाबी, पांढऱ्या, गुलाबी. हैबती गुलाबी. राहीबाई गुलाबी. डावीकडचे एकामागून एक गुलाबी. ढीग बरोबरीने चढत गेले, आणि शेवटी पांढऱ्याच्या बाजूला एकच डोकं जास्त भरलं. ते कुणाचं हे शोधायला फार वेळ लागला नाही. पांढऱ्या चिठ्ठीवर नाव होतं: ठमाबाई भिकाजी उतेकर.

त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली, उजेडाला धरून पाहिली. चुकली असेल म्हणावं, तर चुलीवर रंगावरून भाकरी ओळखणारी बाई. शिवाय तबकाला नमस्कार करणारी पहिली तीच.

बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की निकाल परस्पर कोर्टाला कळवण्यात येईल. म्हणजे आयुष्यभर जे केलं तेच केलं, मुदत घेतली. मंडळी पांगली. ठमाबाई विहिरीच्या काठावर पाय धुत होती.

"आये," महिपतराव म्हणाले. महाडला आल्यापासून ते तिला आई म्हणत; 'आये' तोंडातून आपसूक निघालं. "पांढरी का टाकलीस?"

"माजी मर्जी."

"विडा तर उचलला नाहीस."

"विडा खोटा कसा उचलायचा? देवाधर्माची गोष्ट हाय ती." तिने पदराने पाय पुसले. "मग तो मुंबईवाला तुला चार मान्सांत बोलला. तुजं त्वांड बगवंना रे. म्हटलं, ह्याची पयलीच कचेरी हाय. मोडली तं ते लोक म्हन्तील, बगा, साद्या मान्साला बसवला म्हनून मोडली. मी एकलीनं पांढरी टाकल्यानं काय व्हतंय? बाकीचे हायत की."

ती एकटीच होती, हे महिपतरावांना सांगवेना. तिने आपलं खाचर, सगळ्या खोऱ्याचा तळ, मुलाच्या नव्या कोटाची इस्त्री मोडू नये म्हणून देऊन टाकला होता, आणि वर तिला वाटत होतं की काहीच दिलं नाही.

अहवाल लिहायला त्यांनी आठवडा घेतला. तीनदा लिहिला आणि फाडला. आकडे खरे होते. नुसते आकडे लिहिले असते तर खोटं काहीच नव्हतं. अध्यक्षाने मताचं कारण शोधायचं नसतं, कायद्यात तसं कुठेच नाही. आनंदीबाई म्हणाल्या, "मग तुम्हाला त्रास कसला होतोय?"

"त्रास हा, की सभेपुढे योजना होती आणि मत पडलं माझ्यावर."

"मग तेच लिहा."

"लोक हसतील."

"आजवर कमी हसलेत का?" आनंदीबाईंनी विचारलं. त्यावर अपील नव्हतं.

त्यांनी लिहिलं. हात सगळे वर गेले, विडे मात्र डावीकडच्या मंडळींचे तबकात राहिले, त्या खोऱ्यात याचा अर्थ काय होतो. चिठ्ठ्यांत एका डोक्याचं बहुमत झालं. ते एक डोकं अध्यक्षाच्या मातोश्रींचं, आणि त्यांनी ते मत, त्यांच्याच शब्दांत, मुलाची कचेरी मोडू नये म्हणून दिलं. खाली शपथ, सही. पाकीट पोस्टात टाकल्यावर ते परत मिळेल का, अशी त्यांनी पोस्टमास्तरांकडे चौकशीही केली.

हायकोर्टात तारीख लागली तेव्हा महिपतराव एस्टीने मुंबईला गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. कंपनीच्या बॅरिस्टरांनी डोकी आणि वजन वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद गैरलागू म्हणून ओलांडला आणि मंजुरी मागितली. न्यायमूर्तींनी तो परिच्छेद स्वतः वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"अध्यक्ष हजर आहेत का?"

महिपतराव उभे राहिले.

"तुमचं म्हणणं असं, की तुमच्या मातोश्रींनी मत योजनेला दिलं नाही?"

"नाही, माय लॉर्ड. मला दिलं," महिपतराव म्हणाले. "आणि दुर्दैवाने मी एका मताने मंजूर झालो."

कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्तीही हसले, पण लवकर थांबले. तबकाविषयी कायदा काही सांगत नाही, ते म्हणाले. पण सभा कोर्टाच्या हुकमाने भरवतात ती लोकांची खरी मर्जी कळावी म्हणून. नुसता शिक्का मारायचा असता तर त्याला न्यायाधीश कशाला लागतो? त्यांनी झालेली सभा बाजूला ठेवली. नवी सभा, नव्या चिठ्ठ्या, आणि ज्याचं त्या तालुक्यात कुणी नात्याचं नाही असा नवा अध्यक्ष. उतेकर वकिलांना त्यांच्या कामातून मोकळं करण्यात येत आहे.

हायकोर्टाने नेमलेला आणि स्वतःच्याच अहवालाने स्वतःला काढून टाकणारा अध्यक्ष आपल्यापूर्वी झाला असेल का, याचा विचार करत महिपतराव परतले. बाजारपेठेत कुणी विचारलं तर सांगायचं काय, याची त्यांनी वाटेत दोन-तीन उत्तरं तयार केली आणि सगळी टाकून दिली. खरं सांगायचं ठरलं. ते महाडला उतरलेच नाहीत, तसेच पोलादपूरला गेले आणि घाटाखालच्या वाटेने घरी पोचले.

ठमाबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती.

"आये, मला काढलं," ते म्हणाले.

तिचे हात थांबले. "काढला? कुनी?"

"कोर्टाने. सभा पुन्हा होणार. तुझ्या पांढऱ्या चिठ्ठीने तळ चालला होता, आये. तू एकटीच होतीस. मी ते कोर्टाला लिहून कळवलं."

ती खालमानेने हिरडा पसरत राहिली. महिपतरावांना वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हींना ते पात्र होते.

"पुडच्या टायमाला टेबलावर कोन बसनार?" तिने विचारलं.

"मुंबईचा कुणी वकील. ना ओळखीचा, ना पाळखीचा."

ठमाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पदर खोचला.

"मग बेस झालं," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर गुलाबी टाकाया मला कसली भीड? तुला नाय म्हनायलाच माजा हात कधी उचलला नाय रे, मैपत."